पहिले पुस्तक कोणते?

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, कला आणि वाणिज्य या दोनच शाखा असलेल्या महाविद्यालयात, ग्रंथपाल म्हणून माझे बहुतेक आयुष्य गेले. या काळात नाना विषयांची पुस्तके मी विद्यार्थ्यांच्या हाती दिली; परंतु ज्या मागणीने मला सर्वांत अधिक विचारात पाडले, आणि जिची पूर्तता करता करता माझे स्वतःचे शिक्षण सर्वांत अधिक झाले, ती मागणी सामाजिक अर्थशास्त्राच्या प्रारंभिक वाचनाची. प्राध्यापकांनी दिलेली चिठ्ठी घेऊन विद्यार्थी येई. चिठ्ठीवर विषयाचे नाव आणि त्याखाली ‘सुरुवातीला वाचण्यासारखे काही द्यावे’ एवढाच मजकूर असे. जमीन, मजुरी, कर्ज, जात, स्त्रियांचे श्रम, सहकार, दुष्काळ अशा सगळ्या बाजूंनी माणसे पोट कसे भरतात, आणि ते भरण्याच्या व्यवहारावर समाजातील त्यांच्या स्थानाचा परिणाम कसा होतो, याविषयीचे सारे ज्ञान त्या विषयनामात सामावलेले असल्याने, प्रारंभ कोठून करावा हे चिठ्ठी देणाऱ्यालाही निश्चयाने सांगता येत नसे. मग वर्षानुवर्षे गाइडांवर भिस्त ठेवून परीक्षा देत आलेल्या मुलाला ते कोठून कळावे?

ग्रंथालयाची मांडणीही या कामी फारशी साह्यभूत होत नाही. ड्युईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे श्रमविषयक पुस्तके ३३१ या क्रमांकाखाली जातात, सहकाराची ३३४ खाली, निरनिराळ्या सामाजिक गटांची ३०५ खाली, लोककल्याणाची ३६२ खाली. शेतीचे पुस्तक ६३० च्या कपाटात, हिंदुस्थानचा इतिहास ९५४ मध्ये, आणि ज्या आत्मकथनांतून या साऱ्या गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात एकवटलेल्या दिसतात ती मराठी वाङ्मयाच्या ८९१.४६ मध्ये किंवा चरित्रांच्या कपाटात. ही व्यवस्था सदोष आहे असे माझे म्हणणे नाही. पुस्तकाला जागा एकच देता येते आणि कोणती तरी द्यावीच लागते. तथापि जो विषय मुळातच या सर्व कपाटांतून विखुरलेला आहे त्याचा विद्यार्थी एका कपाटासमोर उभा करून चालत नाही. त्याच्याबरोबर ग्रंथपालाला चालावे लागते.

आमच्याकडील शिरस्ता असा होता की, असा विद्यार्थी आला म्हणजे त्याला प्रथम अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांचे पाठ्यपुस्तक द्यावयाचे, ते संपले की भारतीय अर्थव्यवस्थेचे, आणि मग वेळ उरल्यास आणखी काही. हा शिरस्ता मोडण्याचे निमित्त एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारलेला प्रश्न झाला. श्रमाची मागणी आणि पुरवठा हे प्रकरण त्याने मनःपूर्वक वाचले होते, व्याख्याही त्याला मुखोद्गत होत्या, पण पुस्तक परत करताना तो म्हणाला, “बाई, माझे वडील यात कुठं बसतात? दीड एकर स्वतःचं कसतात, सुगीला दुसऱ्याच्या रानात रोजानं जातात, आणि आमच्या भांगलणीला दोन बाया आम्ही रोजानं लावतो. मग ते मालक का मजूर?” हा प्रश्न अज्ञानाचा नव्हता. पाठ्यपुस्तकातील वर्ग जेथे अपुरे पडतात नेमक्या त्या जागी त्याने बोट ठेवले होते, आणि जेथे वर्ग अपुरे पडतात तेथूनच सामाजिक अर्थशास्त्राचा आरंभ होतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

त्याच्यासाठी वाचन शोधावयास मी पुण्याला, गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात गेले. संस्था १९३० ची. परंतु तिच्या ग्रंथसंग्रहाचे मूळ त्याहून जुने, १९०५ साली स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या संग्रहात आहे, आणि त्यामुळे दख्खनच्या आर्थिक जीवनाविषयीचे जुने अहवाल आणि पाहण्या तेथे एका छपराखाली पाहावयास मिळतात. तेथे मला डॉ. हॅरल्ड मॅन यांचा १९१७ साली प्रसिद्ध झालेला, दख्खनमधील एका खेड्यातील जमीन आणि श्रम यांविषयीचा ग्रंथ मिळाला. मॅन हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले, त्यातील प्रत्येक कुटुंबाची जमीन, तिचे तुकडे, पिके, कर्ज, बाहेरची मजुरी आणि घरखर्च यांची नोंद केली, आणि जुन्या दप्तरांच्या आधारे असे दाखविले की, १७७१ मध्ये त्या गावात एका खातेदाराकडे सरासरीने चाळीस एकर जमीन होती ती १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती. हे गाव आज पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटात गेले आहे आणि तेथे शेताचा बांध शोधूनही सापडावयाचा नाही. म्हणूनच त्या पुस्तकाचे मोल मला अधिक वाटते.

शब्दकोश जवळ ठेवून, एकेक तक्ता वहीत उतरून घेत त्या मुलाने हे पुस्तक वाचले. इंग्रजीची त्याला भीती होती. परंतु तक्त्यांतील वस्तू त्याच्या ओळखीच्या होत्या. बाजरी किती, कडबा किती, बैलजोडी किती घरांत, सावकाराचे व्याज काय दराने, हे वाचण्यास भाषेची अडचण फार पडत नाही. तो वाचून झाल्यावर मी त्याला दुसरे वाचन दिले, आणि या दोहोंची जोडी हाच माझ्या पुढील सर्व कामाचा पाया झाला. मॅन यांच्या ग्रंथानंतर वर्षभरातच, १९१८ मध्ये, नुकतेच परदेशातून शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान शेतखाती आणि त्यांवरील उपाय या विषयावर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. त्यात मॅनप्रभृतींच्या विवेचनाचा परामर्श घेऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की, अमुक एवढ्या जमिनीवर कुटुंबाचे पोट भरते की नाही या कसोटीवर शेत किफायतशीर की बिनकिफायतशीर हे ठरविणे तर्काला धरून नाही. शेत हा उत्पादनाचा एक घटक आहे, आणि श्रम व भांडवल या इतर घटकांशी त्याचे प्रमाण जुळते की नाही, यावर त्याची किफायत अवलंबून असते. ज्याच्यापाशी नांगर-बैल नाहीत त्याला मोठे शेत देऊन उपयोग नाही. खरे दुखणे जमिनीच्या तुकड्यांत नसून, जमिनीवर येऊन पडलेल्या आणि दुसरे काम नसल्याने निरुपयोगी झालेल्या माणसांच्या भारात आहे, आणि त्यावरचा उपाय उद्योगधंद्यांची वाढ हा आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

पहिल्या पुस्तकाने त्या मुलाला मोजावयास शिकविले आणि दुसऱ्या निबंधाने मोजलेल्याचा अर्थ लावण्यावरून विद्वानांतही मूलभूत मतभेद होऊ शकतो हे दाखविले. विषयप्रवेशाला याहून अधिक काय लागते? त्याने स्वतःच्या घराचा एक तक्ता तयार केला: वडिलांचे वर्षातील दिवस स्वतःच्या रानात किती गेले, परक्या रानात किती, आणि काम नाही म्हणून किती. तिसरा आकडा सर्वांत मोठा निघाला, तेव्हा आंबेडकरांचा निबंध त्याने पुनश्च मागून नेला. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्यात हा निबंध आला, तेव्हापासून तो मिळविण्यासाठी पुण्याचा प्रवास करावा लागला नाही; तत्पूर्वी टंकलिखित प्रतीवर काम भागवावे लागे.

सगळेच विद्यार्थी मुले नसत. बाहेरून बी. ए. ला बसलेले एक तलाठी शनिवारी दुपारी कचेरी सुटली की येत. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे, मीही म्हणत असे. सातबारा, फेरफार, पीकपाहणी, आणेवारी या गोष्टी त्यांच्या हाताखालून रोज जात असल्याने जमिनीचे जे ज्ञान त्यांना होते ते आमच्या प्राध्यापकांना नव्हते. आणि तरीही परीक्षेच्या पुस्तकांशी त्या ज्ञानाचा काही संबंध असू शकेल, अशी कल्पना त्यांना कोणी दिली नव्हती. त्यांना मी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ चे ‘गावगाडा’ दिले. आत्रेही मुलकी खात्यातलेच. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते या सर्वांचा कुणब्याच्या खळ्याशी असलेला संबंध, कोणाला काय काम आणि त्यापोटी काय मिळावयाचे, आणि धान्याची रास घरी पोचेपर्यंत किती वाटांनी कमी होत जाते, याचे असे बारकाईचे वर्णन करणारे पुस्तक मराठीत दुर्मीळ आहे. भाऊसाहेबांनी ते एका आठवड्यात संपविले आणि मला म्हणाले, “बाई, माझ्या सज्जातल्या चार गावांचं दप्तर मला आज पहिल्यांदा वाचता आलं.”

परंतु ‘गावगाडा’ मी कधीही एकटे दिले नाही. त्याच्या जोडीला महात्मा फुल्यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ असे. फुले त्याच कुणब्याची स्थिती सांगतात, पण ती शेतातून कचेरीकडे पाहत. सारा, फंड, कोर्टकज्जे, भटकामदारांची लाचलुचपत आणि धर्मविधींच्या निमित्ताने होणारी नागवणूक ही त्यांच्या दृष्टीने एकाच यंत्रणेची अंगे आहेत. आत्रे कचेरीत बसून गावाकडे पाहतात. त्यांची कुणब्याविषयीची कळकळ अस्सल आहे, पण कुणब्यावर जगणाऱ्या गरीब माणसांविषयी, विशेषतः भटक्यांविषयी, त्यांची लेखणी कठोर होते. त्याच लेखकाने १९११ मध्ये ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तक लिहिले होते, हे प्रथम वाचणाऱ्याला सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे. भटक्या जमातीतील एका विद्यार्थ्याने फिरस्त्यांविषयीचा भाग वाचून मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. “हे आमच्यावर लिहिलेलं आहे,” तो म्हणाला, “आमच्याशी बोलून लिहिलेलं नाही.” त्याला मी लक्ष्मण माने यांचे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘उपरा’ दिले, आणि दोन्ही पुस्तकांतील एकच गोष्ट, म्हणजे गावात शिरणे, पाल ठोकणे, विकणे, मागणे आणि हाकलले जाणे, दोन्ही बाजूंनी लिहून आणावयास सांगितली. त्याने लिहून आणलेली ती पाने मी त्याची परवानगी घेऊन जपून ठेवली आणि पुढील विद्यार्थ्यांना वाचावयास दिली. प्रारंभिक वाचन म्हणून त्यांची योग्यता छापील पुस्तकांहून कमी नव्हती.

भाऊसाहेबांची पुढची मागणी सावकारीविषयी होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हस्तगत करून जाळल्या, आणि हा उठाव पुणे व नगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल हे, सरकारी इंग्रजीची सवय झाली म्हणजे, अतिशय वाचनीय पुस्तक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, त्या तेजीत कर्जे वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यातच साऱ्याची फेरआकारणी झाली, आणि दिवाणी न्यायालयांनी कागदावरच्या सहीला, ती कशी घेतली गेली याची विचारपूस न करता, पूर्ण बळ दिले. अटलांटिकपलीकडचे युद्ध आणि भीमथडीतील कुळाचा अंगठा यांच्यामधील दुवे या अहवालात एकामागून एक उलगडत जातात. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या चौकशीनंतरच आला. भाऊसाहेबांनी हे वाचून आपल्याच दप्तरातील १९७२ च्या दुष्काळानंतरच्या दोन वर्षांचे फेरफार काढले आणि कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याची एक यादी केली. खरेदीखत म्हणून नोंदलेले कितीतरी व्यवहार वस्तुतः कर्जाचे होते हे त्यांना गावात सर्वजण सांगत. कागद मात्र खरेदीचाच होता.

आमच्या भागात साखर कारखाने असल्यामुळे सहकार हा विषय नेहमीच निघे. धनंजयराव गाडगीळांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर उभे राहून प्रवरा कारखान्याची उभारणी केली, एका अर्थशास्त्रज्ञाने अध्यक्षपद स्वीकारून शेतकऱ्यांच्या संस्थेची पहिली वर्षे आपल्या अंगावर घेतली, ही हकिगत मी विद्यार्थ्यांना मोठ्या आदराने वाचावयास देत असे आणि आजही देईन. गाडगीळांनी १९२४ मध्ये हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर जो ग्रंथ लिहिला त्यातील कारागिरांच्या ऱ्हासाचे विवेचनही नवशिक्याला झेपण्यासारखे आहे. परंतु वसतिगृहात राहणारा, बीड जिल्ह्यातून आलेला एक मुलगा, ज्याचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन निघत आणि उन्हाळ्यात परत जात, त्याने सहकाराचे पुस्तक वाचून मला विचारले, “सभासदांत आमचं नाव नाही, बाई. आमचा मुकादम, आमची उचल, आमच्या कोप्या, यातलं काहीच या पुस्तकात नाही. मग ऊस कारखान्यात गेला कसा?”

या प्रश्नाचे उत्तर देणारे सोपे पुस्तक आमच्या ग्रंथालयात नव्हते. म्हणून मी वर्तमानपत्रांची कात्रणे, संपाच्या काळात निघालेली पत्रके, आणि मजुरीच्या दरांविषयीच्या करारांच्या बातम्या यांची एक फाईल केली. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक, दर टनामागे, उचल हंगामापूर्वी आणि हिशेब हंगाम संपल्यावर, वाढे विकून मिळतील तेवढे रोख पैसे, ही सारी परिभाषा त्या मुलानेच मला सांगितली आणि मी ती फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. सहकाराच्या कोणत्याही पुस्तकाबरोबर ‘या संस्थेत काम करणारे पण तिच्या बाहेर असलेले कोण?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती दिला पाहिजे, असे मला वाटते. त्यामुळे सहकाराची थोरवी कमी होत नाही. गाडगीळांसारख्या माणसाने हा प्रश्न ऐकून घेतला असता याविषयी मला शंका नाही.

मात्र जिच्या वाचनाने मी स्वतः सर्वांत अधिक शिकले ती विद्यार्थिनी अवर्षणप्रवण तालुक्यातून आलेली होती. तिची आई रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाच्या मातीवर जात असे. तिला दारिद्र्य या विषयावर निबंध लिहावयाचा होता, तेव्हा मी तिला वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेला भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास दिला. दररोज माणशी २२५० उष्मांक मिळण्यास जेवढा खर्च ग्रामीण कुटुंबाला येतो तो आधार धरून, १९६०-६१ च्या किमतीने दरमहा माणशी पंधरा रुपये ग्रामीण भागात आणि साडेबावीस रुपये शहरात, अशी किमान रेषा त्यांनी मांडली. त्या मुलीने तो हिशेब समजून घेतल्यावर अगदी साधी शंका काढली: माती उपसणाऱ्या बाईला आणि दुकानात बसणाऱ्या माणसाला एकच उष्मांक कसे पुरतील? तिला ठाऊक नव्हते की, उष्मांकाच्या या मापावर पुण्यातच, डॉ. पां. वा. सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात, वर्षानुवर्षे गंभीर वाद झाला होता. सुखात्म्यांचा आक्षेप तिच्या शंकेहून निराळ्या वळणाचा होता, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलत असते असे त्यांचे म्हणणे होते, पण सरासरीच्या आकड्याला माणसापुढे उभे करून प्रश्न विचारण्याची वृत्ती दोहोंत समान होती. तो वाद मी तिला काढून दिला. स्वतःची शंका शास्त्राच्या दारापर्यंत पोचते हे एकदा कळले की विद्यार्थ्याच्या बैठकीतच फरक पडतो.

त्यानंतर तिने रोजगार हमीचा कायदाच वाचावयास मागितला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर सुरू झालेली ही योजना, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला याच अनुभवाची पार्श्वभूमी होती. या योजनेसाठी पैसा उभा करावयाचा म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसायकर बसविला. आमच्या महाविद्यालयातील प्रत्येक प्राध्यापकाच्या पगारपत्रकात तो दरमहा कापलेला दिसे, माझ्याही. आणि त्या मुलीची आई ज्या हजेरीपटावर अंगठा उमटवीत होती त्या पटाशी या कपातीचा सरळ संबंध होता. ही गोष्ट मी तिला माझे पगारपत्रक दाखवून सांगितली. तिने निबंधाचा विषय बदलला आणि हजेरीपट ते व्यवसायकर असा पैशाचा मार्ग उलट दिशेने शोधीत गेली: पट कोण ठेवतो, माती कोण मोजतो, मोजमाप कमी भरल्यास मजुरी कशी घटते, आणि पंधरवड्याचा पगार किती आठवड्यांनी हाती येतो. तिच्या त्या निबंधाला गुण किती मिळाले हे मला आठवत नाही. परंतु तो वाचून आमच्या अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांनी पुढील वर्षी वर्गाला पाझर तलावावर नेले, हे पक्के आठवते.

तात्त्विक ग्रंथांविषयी मी आतापर्यंत बोलले नाही, यावरून त्यांचे महत्त्व मला वाटत नाही असा समज होऊ नये. ते यावेतच, पण पाया घातल्यावर. ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथातील टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन, जेथे दहा माणसे कामाची वाटणी करून दिवसाला अठ्ठेचाळीस हजारांवर टाचण्या करतात, कोणत्याही विद्यार्थ्याला एका बैठकीत वाचता येते. त्याच दिवशी आंबेडकरांच्या १९३६ च्या ‘जातिसंहार’ या भाषणातील तो भाग वाचावा, ज्यात जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची, तीही उच्चनीच क्रमाने लावलेली विभागणी आहे, असे त्यांनी दाखविले आहे. टाचणीचे टोक घासणारा संध्याकाळी घरी गेल्यावर काहीही असू शकतो. बलुतेदाराचे काम त्याच्या जन्माबरोबर ठरलेले असे. या दोन वाचनांनंतर विद्यार्थ्याला सामाजिक अर्थशास्त्र म्हणजे काय याची व्याख्या पाठ करावी लागत नाही. कार्ल पोलान्यीचा १९४४ चा ग्रंथ कठीण आहे. तरी श्रम, जमीन आणि पैसा या वस्तू विकण्यासाठी निर्माण झालेल्या नसताना बाजार त्यांना विक्रीच्या वस्तू मानतो, हा त्यातील मध्यवर्ती विचार ‘गावगाडा’ वाचलेल्या मुलाला चटकन उमगतो, कारण खळ्यावर बलुते वाटणारे गाव त्याने नुकतेच पाहिलेले असते. ‘बलुतं’ हे दया पवारांचे आत्मकथनही मी याच टप्प्यावर देत असे, म्हणजे त्या वाटपाकडे सुखाची जुनी व्यवस्था म्हणून पाहण्याचा मोह होत नाही.

आत्मकथनांविषयी एक सावधगिरी मात्र मी बाळगली. ती वाचून विद्यार्थ्याचे मन हलते, आणि हललेले मन मोजण्याचा कंटाळा करू लागते. म्हणून बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ किंवा ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ देताना मी सोबत जनगणनेचा तक्ता देई, ज्यात घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणाऱ्यां’त मोजली जाते, आणि १९७४ चा स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल देई. आयदान विणणारी आई त्या तक्त्यात कोणत्या रकान्यात जाते, याचा शोध घ्यावयाचा. मुली हा शोध विशेष आस्थेने घेत. एकीने आपल्या आजीचा पहाटेपासूनचा दिवस तासांत मांडला आणि तक्त्याच्या शेजारी चिकटवून आणला.

हे सारे वाचन मराठीत द्यावयाचे तर अडचण मोठी. वस्तुतः आपल्या भाषेत या शास्त्राचा प्रारंभ फार लवकर झाला: लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी ज्या भाषेत संपत्तिशास्त्र लिहिले गेले त्या भाषेतील विद्यार्थ्याने आज गाइडावर विसंबून राहावे, याची मला खंत वाटते. माझ्याने झाले ते एवढेच की, मॅनच्या तक्त्यांचे, आंबेडकरांच्या निबंधातील निवडक भागांचे आणि सुपे येथील उठावाच्या अहवालातील काही साक्षींचे भाषांतर मी प्राध्यापकांकडून आणि चांगल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतले आणि फायलीत लावले. प्रत्येक वाचन चाळीस पानांच्या आत ठेवण्याचा माझा कटाक्ष असे. चाळीस पाने पूर्ण वाचणारा विद्यार्थी चारशे पाने मागावयास येतो. चारशे पाने घेऊन गेलेला बहुधा पुस्तकच परत आणून देतो.

निवृत्तीनंतरही अशी मागणी अधूनमधून येते. रोजगार हमीवर लिहिणारी ती मुलगी आता स्वतः एका महाविद्यालयात शिकविते. गेल्या महिन्यात तिने विचारले की, तिच्याकडे धरणाखाली गेलेल्या गावचा एक विद्यार्थी आला आहे, त्याला सुरुवातीला काय द्यावे? पिंपळे सौदागरने त्याचा प्रारंभ करणे मला उचित वाटले नाही. त्याच्या घरी सातबाराच उरलेला नाही. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशीच्या सत्याग्रहावरील राजेंद्र व्होरांचे पुस्तक आणि प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा १९७६ चा राज्याचा कायदा ही दोन वाचने मी सुचविली, आणि ती वाचण्यापूर्वी त्याने आजोबांना विचारून लिहून काढावे असे प्रश्न कळविले: मोबदल्याचा पैसा किती हप्त्यांत आला, कोणाच्या नावे आला, पहिल्या वर्षी कशावर खर्च झाला, आणि नव्या गावठाणात जुन्या गावचे कोणते बलुतेदार बरोबर आले व कोणते आले नाहीत. आजोबांची उत्तरे आली की आंबेडकरांचा १९१८ चा निबंध द्यावयाचा की दुसरे काही, हे आम्ही दोघी मिळून ठरविणार आहोत.